उंबर, खेकडी आणि बाहुली

ओझर,
२ डिसेंबर १९९६

ती. चंद्रभागाताईंना सरिताचा नमस्कार.

माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. लग्न होऊन दीड वर्ष झालं, पण आपलं बोलणं झालं ते फक्त सत्यनारायणाच्या दिवशी, तेही 'चहा घेता का' एवढंच. इंदूताई गेल्यावर मी त्यांच्या जागी आले, म्हणजे रीतीप्रमाणे तुमची धाकटी बहीण झाले. तुम्हाला तसं वाटत नसेल, तर एका मुलीची काळजी असलेली बाई म्हणून तरी हे वाचा.

वेदिका दिवाळीला तुमच्याकडे देवळ्याला राहून आली आणि बदलली. श्रावणापासून ती मला आपण होऊन 'आई' म्हणायला लागली होती. मी कधी म्हण म्हटलं नव्हतं. दिवाळीहून आल्यावर दोन-चार दिवसांत ते बंद झालं. आता मी 'अहो' आहे. 'अहो, डबा झाला का?' कॉलनीत कुणी भेटलं की ही जोरात सांगते, 'या माझ्या सावत्र आई.' परवा शाळेच्या फाटकाशी तीन बायकांसमोर म्हणाली. मग घरी येऊन मला विचारते, 'तुम्ही सावत्रच ना?' मी काय म्हणणार? हो म्हटलं. तर इतकी निवांत झाली, की जेवली आणि लगेच झोपली. मीच जागी.

शेजारच्या मुलांना ती एक गोष्ट सांगत होती. उंबराचं झाड, आई मेलेली, सावत्र आई. ती मावशीने सांगितली म्हणाली. मला अर्धीच ऐकू आली. ती गोष्ट पूर्ण काय आहे ते कृपा करून लिहाल का? यांना मी हे पत्र लिहिते आहे ते माहीत नाही.

उत्तर नक्की द्या. मला कशातच लक्ष लागत नाही.

सरिता


देवळा,
१० डिसेंबर १९९६

सौ. सरिताबाई यांना चंद्रभागेचा नमस्कार.

पत्र पोचलं. कांद्याची लागवड चालू हाय, बाया लावून दिल्या की बांधावर बसून लिहिते. अक्षर गोड मानून घ्या.

गोष्टीत लपवण्यासारखं काही नाय. आमच्या आईने सांगितलेली, मी आणि इंदूने ऐकलेली. इंदूनेपण पोरीला सांगितलीच असती, ती राहिली नाय म्हणून मी सांगितली.

एक बाई मरते. तिची लेक लहान असते. बाप दुसरी करतो. ती पोरीला कोंड्याची भाकरी घालते आणि गुरांमागं धाडते. विहिरीवर आईच्या बांगड्या टाकलेल्या असतात, तिथं उंबर उगवतो. पोरगी रडत आली की उंबर फांदी खाली करतो आणि विचारतो, 'जेवनी का व बेटी?' आईचाच आवाज. पोरगी पोटभर उंबरं खाते, गोरीगोमटी होते. मग सावत्र आईला स्वतःची पोर होते. ती मोठी झाली की चहाडी करते, आणि सावत्र आई उंबर तोडायला लावते. तोडल्या जागी झरा लागतो. राजाचा घोडा तिथं पाण्याला थांबतो, पुढं लग्न.

वेदिकानं विचारलं, सावत्र आईचं काय झालं? मी म्हटलं, काय होणार, म्हातारी झाली, घरात बसून राहिली. आमची आई तिला मारत नसे.

आता मी एक विचारते. पोरगी तुमच्याकडं पोटभर जेवते का? दिवाळीत तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. हिरामणरावांना मी कधी काही बोलले नाय, इंदूला वर्ष व्हायच्या आत त्यांनी पोरी बघायला सुरुवात केली तेव्हाही नाय. पण गोष्ट सांगू नका असं मला कुणी सांगायचं नाय.

चंद्रभागा


ओझर,
२३ डिसेंबर १९९६

ती. ताईंना नमस्कार.

गोष्ट सांगू नका असं मी कुठे म्हटलं? तुमचं पत्र वाचून दिवसभर घरात नुसती फिरत होते. कुकरची शिट्टी झालेली कळली नाही. वेदिका पोटभर जेवते. तिचा बांधाच तसा आहे, तिच्या वडिलांसारखा.

तुमची गोष्ट वाचली आणि मला आमच्या घोटीची आठवली. आमच्या खाचरात लावणीला मंगलाबाई यायच्या, त्र्यंबककडच्या डोंगरातल्या. त्या सांगायच्या त्यात उंबर नव्हता, खेकडी होती. मेलेली आई भाताच्या खाचरात खेकडी होऊन राहते, लेकीला दाणे आणून देते आणि सावत्र आई चिखलात उतरली की तिचा अंगठा पकडते. आम्ही मुली हसून लोळायचो. त्या सावत्र आईचा अंगठा किती दुखत असेल, हे तेव्हा मनात आलं नाही.

मग मला नादच लागला. आमच्या कॉलनीत सगळ्या मुलखांतली माणसं. शेजारी घोषबाई राहतात, बंगालच्या. त्यांच्याकडे वारा मुलीचा कापूस उडवून नेतो आणि ती त्याच्या मागे चंद्राच्या म्हाताऱ्या आईच्या घरी पोचते. इथल्या विमानांच्या कारखान्यात रशियाचे इंजिनिअर आलेत, त्यांच्यातल्या एकाच्या बायकोला घोषबाईंनी चहाला बोलावलं. घोषबाबूंना रशियन येतं. त्यांच्या गोष्टीत आई मरताना मुलीच्या हातात बाहुली देते, बाहुलीला घास भरवला की ती बोलते. नाशिकला गेले तेव्हा वाचनालयात विचारलं. तिथल्या बाईंनी एक जाडं पुस्तक काढून दिलं. चीनमध्ये म्हणे मासा असतो. सावत्र आई तो खाऊन टाकते, मुलगी काटे जपून ठेवते. काचेच्या बुटांची गोष्ट तर तुम्हालाही ठाऊक असेल.

मी काय शोधत होते सांगू? एक तरी मुलूख असा, की जिथे ती बाई वाईट नाही. उंबराची खेकडी होते, खेकडीचा मासा होतो, बुटाची अंगठी होते. सगळं बदलतं. ती बाई तेवढी जागची हलत नाही.

रशियन बाई सांगत होत्या तेव्हा वेदिका शेजारी बसलेली. तिने एकच प्रश्न विचारला, 'त्या आईला काय झालं होतं?' घोषबाबूंनी विचारून सांगितलं, 'गोष्टीत ते येत नाही.' तर ही एकदम चिडली. 'कुणीच सांगत नाही! सगळ्या गोष्टींत पहिल्याच ओळीत मरते आणि कुणी सांगत नाही!' बशी आपटून बाहेर गेली.

आणखी एक. शाळेच्या गॅदरिंगला काचेच्या बुटांचं नाटक आहे. बाईंनी हिला मुख्य काम दिलं होतं. हिने सांगितलं, मला सावत्र आईचं काम द्या. माझी जांभळी साडी मागितली. मी दिली. तालमीला साडी खोचून, कमरेवर हात ठेवून ओरडते. सगळ्या हसतात, माझ्याकडे बघून. मीही हसले. घरी येऊन मोरीचं दार लावून घेतलं.

तुम्ही तिच्या आईच्या जागी आहात. तिला माझं काय खुपतं ते तुम्हीच विचारा, मला ती सांगणार नाही.

सरिता


देवळा,
७ जानेवारी १९९७

सौ. सरिताबाई यांस.

पोरगी माझ्याकडे सुखरूप हाय हे फोनवर कळलंच. हिरामणराव येऊन रिकाम्या हातानं परत गेले, तेही तुम्ही पाहिलं. तरी लिहिते, कारण फोनवर दुकानदार कान देऊन ऐकतो.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांची पोर दप्तर घेऊन शाळेला म्हणून निघते आणि पिंपळगावच्या स्टँडवरून एकटी चांदवडमार्गे देवळ्याच्या गाडीत बसते. कंडक्टर आमच्या गावचा केरू नसता तर कुठं उतरली असती? दारात उभी राहिली तेव्हा डोळ्याखाली काजळाचे फराटे तसेच. म्हणाली, 'मावशी, मी इथंच राहणार.' बाप न्यायला आला तर घराचा खांब धरून बसली. हात सोडवता येईना. मीच म्हटलं, राहू द्या.

आणि बोलता बोलता तिनं सांगितलं, घरात बाळ येणार हाय. सातवा लागलाय! तुम्ही मला दोन लांबलचक पत्रं लिहिली. खेकडी लिहिली, मासा लिहिला, रशिया लिहिला. हे नाय लिहिलं. का हो? उंबराच्या गोष्टीत पुढं काय होतं ते तुम्हालापण ठाऊक होतं ना? स्वतःची पोर झाली की मग.

पोरीलाही ठाऊक हाय. म्हणून पळून आली.

मी तिचं नाव इथल्या शाळेत घालणार. दाखला पाठवून द्या.

चंद्रभागा


ओझर,
१६ जानेवारी १९९७

ती. ताई,

परवा संक्रांत झाली. तिळगूळ केला नाही.

तुम्ही विचारलंत, का लपवलं. इंदूताई दुसऱ्या बाळंतपणात गेल्या. बाळही गेलं. त्यांच्या बहिणीला मी कोणत्या तोंडाने लिहू, की मला दिवस गेलेत? पत्रात दोनदा लिहिलं आणि दोनदा कागद फाडला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, आणि तुम्ही जे आता लिहिलंत तेच लिहाल म्हणूनही. दोन्ही खरं.

वेदिकाला आम्ही दिवाळीनंतर सांगितलं, ती तुमच्याकडून आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी. यांनीच सांगितलं. तिने नुसतं माझ्या पोटाकडे बघितलं आणि अभ्यासाला बसली.

दाखला मी पाठवणार नाही. हे पाठवतील तर पाठवोत. तिच्या वह्या, स्वेटर आणि खोकल्याचं औषध केरूभाऊंच्या गाडीत देते आहे. रात्री तिच्या अंगावरचं पांघरूण निघतं, तेवढं बघा. तिला वरणात लसूण चालत नाही, पण फोडणीत घालून काढून टाकला तर कळत नाही.

मला एका जागी बसवत नाही. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आहे, पायाला सूज आहे, प्रेशर वाढलंय. पडले की तिच्या रिकाम्या कॉटकडे लक्ष जातं, म्हणून उठते. उठले की हे रागावतात. माहेरी वहिनीचं स्वतःचंच बाळंतपण आहे, त्यामुळे घोटीला जाता येत नाही.

तुमच्या गोष्टीतल्या बाईने काय काय केलं ते मला पाठ झालं आहे. मी त्यातलं एकही केलेलं नाही, हे मी कुणाला कसं दाखवू?

सरिता


देवळा,
३० जानेवारी १९९७

सरिता,

मागच्या पत्रात मी 'सौ. सरिताबाई' लिहिलं होतं. आज तसं हातातून उतरत नाय. रागावू नकोस.

झालं असं. पोरगी दाखल्याविनाच इथल्या शाळेत बसते, आणि रोज शाळेतून आली की दुकानात जाऊन विचारते, 'ओझरचा फोन आला का?' नाय म्हटलं की तोंड उतरतं. मला वाटलं, बापाची आठवण येते. काल मी गवार मोडत बसले होते. म्हटलं, 'वेदू, तुला तिकडं जायचं नाय ना? मग फोनची एवढी वाट कशाला बघते?'

म्हणाली, 'जिवंत आहेत का कळायला नको?'

'कोण?'

'त्या.'

मी गवार खाली ठेवली. म्हटलं, 'त्यांना काय होतंय?'

'आईला काय झालं होतं? आई पण चांगली होती. पोट मोठं झालं, दवाखान्यात गेली, परत आली नाही.' मग मला म्हणते, 'मावशी, तुझ्या गोष्टीत आई मरते. घोषकाकूंच्या गोष्टीत आई नाहीच. रशियाच्या गोष्टीत मरते. माशाच्या गोष्टीत मरते. सावत्र आई एकाही गोष्टीत आधी मरत नाही. तू सांगितलंस ना, म्हातारी होते म्हणून?'

मी म्हटलं, 'हो, सांगितलं.'

'म्हणून मी त्यांना आई म्हणणं बंद केलं. सगळ्यांना सांगितलं सावत्र आहे. नाटकातपण तेच काम घेतलं. त्यांची साडी नेसून केलं, म्हणजे पक्कं होईल. पण नाटक संपल्यावर त्यांनी माझं काजळ पुसायला घेतलं आणि मी चुकून आई म्हणाले. हळूच. त्यांना ऐकू नाही आलं. पण म्हणाले ना मी. मग तिथं राहिले असते तर परत परत म्हणाले असते. म्हणून आले इथं.'

सरिता, पोरगी तुला घाबरून पळाली नाय. मी आणि तू दोघी पत्रांतून त्या गोष्टीतल्या बाईवरून भांडत बसलो, आणि पोरगी तिकडं बघतच नव्हती. ती पहिल्या ओळीत अडकली होती.

मी तिला म्हटलं, गोष्टी खोट्या असतात. म्हणाली, 'आईचं खोटं होतं का?' मग मी तिला इंदूचं सगळं सांगितलं. रक्त किती गेलं, वेळेला मिळालं नाय, मी बाहेर कुठं बसले होते. नऊ वर्षांच्या पोरीला सांगावं की नाय, देव जाणे. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, 'हे आधी का नाही सांगितलं?'

लागवड संपत आली. फेब्रुवारीच्या शेवटी मी तिला घेऊन येते आणि बाळंतपणानंतर सव्वा महिना होईपर्यंत राहते. इंदूचं पहिलं बाळंतपण मी केलं होतं, म्हणजे ह्याच पोरीचं. तुला नको असेल तर तसं लिही.

वेदिकाची चिठ्ठी सोबत हाय. मी वाचली नाय.

चंद्रभागा


(सोबतची चिठ्ठी)

मावशी म्हणते पत्राला मायना पाहिजे. मी मायना लिहिणार नाही. का ते मावशीने लिहिलं आहे.

पायाखाली दोन उशा घ्या. लोणचं खाऊ नका, डॉक्टरांनी मीठ बंद केलं आहे असं बाबा फोनवर म्हणाले. रक्त कोण देणार आहे ते आधी ठरवून ठेवा. बाबांचा गट कोणता ते विचारा. घोषकाकांचा पण विचारा. दवाखाना जवळचा नको, मोठा पाहिजे.

कुणी विचारलं तर सावत्र आई आहे असंच सांगा.

इथे माझं पांघरूण निघत नाही. लसूण मावशी काढून टाकते.

वेदिका हिरामण देवरे


ओझर,
८ फेब्रुवारी १९९७

ताई,

या. लवकर या. याहून जास्त आज लिहिता येत नाही, हात सुजले आहेत आणि डोळ्यांचंही काही खरं नाही, सारखं भरून येतंय. यांचा आणि घोषबाबूंचा रक्तगट लिहून दाराच्या आत चिकटवला आहे. दवाखाना नाशिकचा मोठा ठरवला.

वेदिकाला सांगा, मी सावत्र आहे. चांगली पक्की. म्हणावं, बिनघोर ये.

सरिता


देवळा,
२४ एप्रिल १९९७

चि. सौ. सरितास ताईचा आशीर्वाद.

गाडी वेळेवर मिळाली. खळ्यात कांदा येऊन पडलाय, गडी चिमाजी एकटाच बघत होता, मी आल्याबरोबर पदर खोचला. बाळाचं अंग आता तूच चोळ, हलक्या हातानं. टाळू भरायला विसरू नको. वेदिकाला म्हणावं, बहिणीला उचलताना मान धर.

तिथं होते तेवढे दिवस एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. रोज ठरवायचे आणि तू समोर आलीस की दुसरंच बोलायचे. पत्रात जमेल असं वाटतं.

तुला आत नेलं त्या दुपारचं. हिरामणराव रक्ताच्या बाटलीसाठी पळाले होते, घोषबाबू त्यांच्याबरोबर. बाकड्यावर मी आणि वेदिका. तिला बसवत नव्हतं. त्या दारापासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून दारापर्यंत, चप्पल वाजवत. एक आया ओरडली तर चप्पल काढून हातात घेतली आणि अनवाणी चालायला लागली. मी म्हटलं, 'ये, बस, गोष्ट सांगते.' म्हणाली, 'गोष्ट नको.' माझ्याही मनातून नकोच होती.

मग दार उघडलं. नर्स बाहेर आली, तोंडावरचं फडकं खाली केलं आणि म्हणाली, 'सरिता देवरे. घरचं कोण आहे?'

सरिता, इंदूच्या वेळी अशीच एक नर्स बाहेर आली होती आणि असंच म्हणाली होती. तेव्हा मी उठले होते, म्हटलं होतं मी बहीण, आणि मग तिनं सांगितलं होतं. या वेळी मी उठूच शकले नाय. तोंड उघडलं, आवाज नाय. तिथं एवढी मोठी बाई मी, बाकड्याची कड धरून बसून राहिले.

वेदिका जिन्याकडे होती. तिथून पळत आली. चपला हातात. नर्सच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, 'मी आहे. माझी आई आहे आत.'

नर्स म्हणाली, 'मोठं कुणी नाही का बरोबर?'

'मावशी आहे, तिला बोलता येत नाहीये. मला सांगा. आई कशी आहे?'

नर्सनं अजून काही सांगितलं नव्हतं, ध्यानात घे. चेहऱ्यावरूनही कळत नव्हतं. तू हायेस की नाय हे त्या घडीला कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पोरगी दोनदा म्हणाली.

मग नर्स म्हणाली, मुलगी झाली, आईला शुद्धीवर यायला वेळ लागेल, पण धोका टळला. वेदिका तिथंच फरशीवर बसली, पाय पसरून. मी जवळ गेले तर म्हणाली, 'मावशी, मी म्हणाले.' मी म्हटलं, 'ऐकलं.' म्हणाली, 'तरी काही झालं नाही.' आणि मग जी रडायला लागली, ते हिरामणराव बाटली घेऊन येईपर्यंत.

तुझ्यासमोर ती अजून 'अहो'च म्हणते, ते मी सव्वा महिना पाहिलं. तिनं हाक मारली की तुझा हात क्षणभर थांबतो, तेपण पाहिलं. तिला यातलं काही विचारू नको. तिच्या तोंडून तुझ्यासमोर निघायचं तेव्हा निघेल, नाय निघालं तरी चालेल. तुला माहीत असावं, म्हणून लिहिलं.

मे महिन्यात सगळे या. बाळाला ऊन लागेल म्हणू नको, सकाळच्या गाडीनं निघा.

तुझी,
ताई